देव न मानणारा मुलगा आणि आईचा देव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



दूरचित्रवाणीवरील एक अमेरिकन विनोदी मालिका हा अभ्यासवर्गाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका येथे बसलेल्या काही साथींच्या मनात आल्यावाचून राहिली नसेल. किमान वेतन, शेतमालाचे भाव, धरणग्रस्तांचे पुनर्वसन हे सारे बाजूला ठेवून टेक्सासमधील एका काल्पनिक कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलाभोवती तासभर घालवावयाचा ही चैनच झाली, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु पुरोगामी कार्यकर्ता स्वतःच्याच घरात ज्या प्रश्नापुढे सर्वांत अधिक गोंधळतो, नेमका तोच प्रश्न त्या टेबलाभोवती मांडला गेला आहे. ओळखीत एखादा अकाली मृत्यू होतो, आई देवापुढे बसून रडते, आणि विवेकवादी मुलाला काय बोलावे ते सुचत नाही. धर्मचिकित्सेवर सभेत दोन तास बोलणारा माणूस अशा वेळी मुका होतो. पुष्कळदा तर तो मुकाही होत नाही. बोलू लागतो, आणि ते अधिक वाईट असते.

मालिकेचे नाव 'यंग शेल्डन'. अमेरिकेतील सीबीएस ह्या वाहिनीवर सप्टेंबर २०१७ ते मे २०२४ ह्या काळात तिची सात पर्वे झाली. चक लॉरी आणि स्टीव्हन मोलारो हे तिचे जनक. त्यापूर्वीच सुरू झालेल्या आणि एकूण बारा वर्षे चाललेल्या 'द बिग बँग थिअरी' ह्या मालिकेत शेल्डन कूपर नावाचा एक विक्षिप्त भौतिकशास्त्रज्ञ होता. त्याच्या बालपणाची ही कथा. ती १९८९ साली सुरू होते आणि घडते पूर्व टेक्सासमधील मेडफोर्ड नावाच्या कल्पित गावात. शेल्डन नऊ वर्षांचा असतानाच थेट हायस्कुलात जाऊन बसतो. वडील जॉर्ज हे तेथेच फुटबॉलचे प्रशिक्षक आहेत. तो फुटबॉल अर्थातच त्यांचा, आपला नव्हे. थोरला भाऊ अभ्यासात यथातथा, जुळी बहीण मिसी बोलण्यात सर्वांना पुरून उरणारी, आजी पेय आणि पत्ते ह्यांची शौकीन. आणि आई मेरी. सदर्न बॅप्टिस्ट पंथाची, दर रविवारी मुलांना चर्चमध्ये नेणारी, जेवणाआधी सर्वांना एकमेकांचे हात धरावयास लावून प्रार्थना म्हणणारी. झोई पेरी ही अभिनेत्री ही भूमिका करते. मूळ मालिकेत वयस्क मेरीचे काम लॉरी मेटकाफ हिने केले होते, आणि झोई ही तिचीच मुलगी. त्यामुळे प्रेक्षकाला आईच्या चेहऱ्यात आईच दिसते.

मेरीचा पंथ कोणता हे सांगण्याचे कारण आहे. सदर्न बॅप्टिस्ट हे अमेरिकेतील सर्वांत मोठे प्रॉटेस्टंट संघटन. ते १८४५ साली उत्तरेकडील बॅप्टिस्टांपासून फुटून निघाले, आणि फुटीचे कारण होते गुलामगिरी: गुलामांच्या मालकाला धर्मप्रचारक म्हणून नेमावे की नाही हा वाद. ह्या पापाबद्दल संघटनेने क्षमायाचनेचा ठराव केला तो १९९५ साली, दीडशे वर्षांनी. १९७९ पासून ह्या संघटनेत सनातनी गटाने एकेक सूत्र हाती घेतले. त्याच वर्षी जेरी फॉलवेल ह्या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाची 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना उभी राहिली आणि रेगन ह्यांच्या राजकारणाला तिने चर्चमधली माणसे पुरविली. मालिकेत ह्यातले जवळजवळ काहीच नाही. १९८६ साली तेलाचे भाव कोसळल्यावर टेक्सासमध्ये बँका बुडाल्या, माणसे बेकार झाली, त्याचीही फारशी चाहूल लागत नाही. मेरीचे चर्च म्हणजे शेजारपाजारच्या बायका, घरून करून आणलेले पदार्थ आणि जेफ नावाचा चांगला, किंचित बावळा पाद्री. मालिकाकारांनी ही जी काटछाट केली आहे ती लक्षात ठेवून पुढे गेले पाहिजे. मात्र एवढ्यावरून मेरीची श्रद्धा खोटी ठरत नाही. संघटना ज्या हेतूंनी चालतात त्याच हेतूंनी माणसे त्यांत येतात असे नाही, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको.

पहिल्या पर्वाच्या तिसऱ्या भागात पाद्री जेफ व्यासपीठावरून पास्कलचा दाखला देतो. ब्लेझ पास्कल हा सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती, स्वतःही बालप्रतिभावंत. शंकुच्छेदांवरील त्याचा निबंध सोळाव्या वर्षीचा. पुढे १६५४ साली त्याला उत्कट धर्मानुभव आला, आणि देव मानण्याची पैज लावण्यात शहाणपण आहे असा युक्तिवाद त्याने मांडला. जेफ त्याचे सार असे सांगतो की, देव एक तर आहे किंवा नाही, म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी. शेल्डन भर सभेत हात वर करतो. शक्यता दोन आहेत म्हणून त्यांची संभाव्यता समान होत नाही, हे तो पाद्र्याला सुनावतो. घरी गेल्यावर पलंगावर दहा लाख डॉलर सापडतील किंवा सापडणार नाहीत. हेही निम्मे-निम्मे समजावयाचे काय? नऊ वर्षांच्या पोराने संभाव्यताशास्त्रातील इतका मूलभूत मुद्दा इतक्या थोडक्यात सांगावा, ह्याची गंमत वाटते. पास्कलवर मात्र थोडा अन्याय होतो, कारण त्याच्या पैजेचा भर संभाव्यतेपेक्षा लाभहानीच्या हिशेबावर होता. असो.

आता मुख्य भाग. दुसऱ्या पर्वाचा हा तिसरा भाग ४ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रक्षेपित झाला. त्याच्या शीर्षकात श्रद्धेवरील संकट आणि ऑक्टोपससारखे परग्रहवासी ह्यांची सांगड आहे, त्यावरून मालिकेची चाल ध्यानात येईल. मेरीच्या ओळखीतली सोळा वर्षांची एक मुलगी मोटार अपघातात मरण पावते. अशा वेळी बोलावयाची वाक्ये मेरीला पाठ आहेत, जन्मभर ती तिने इतरांना ऐकविली आहेत: देवाची काही योजना असते, ती मानवाला कळत नाही. ह्या वेळी ती वाक्ये तिच्या स्वतःच्याच कानाला पोकळ वाटतात. पाद्र्याकडे ती जाते, तर तोही तेच सांगतो. मेरी खचते. देवाशी तिचे बोलणे थांबते. आणि घरातल्या ज्या माणसांना तिची देवभक्ती आजवर जाच वाटत होती, ती सारी माणसे एकाएकी बावरून जातात.

हे बावरणे फार खरे आहे. जॉर्जला चर्चचा कंटाळा. आजी तर लेकीच्या धार्मिकतेची उघड थट्टा करणारी. परंतु मेरीच्या श्रद्धेवर सगळ्या घराचा तोल उभा होता, हे ती ढळल्यावर त्यांना कळते. ज्या घरात एकटी आई उपास करते आणि बाकीचे हसतात, त्या घरातले हसणारेही त्या उपासाच्या सावलीतच राहत असतात.

येथे एक कडू गोष्ट नमूद केली पाहिजे. १९८९ साली अमेरिकेच्या रस्त्यांवर सुमारे ४५ हजार माणसे मेली. मोटारींच्या सदोष रचनेवर राल्फ नेडर ह्यांनी १९६५ साली पुस्तक लिहिले, एका मोटार कंपनीने त्यांच्यामागे हेर लावले, आणि त्या गदारोळातून १९६६ साली वाहनसुरक्षेचा संघीय कायदा झाला. म्हणजे मोटार अपघातात माणूस का मरतो ह्या प्रश्नाला देवाखेरीज दुसराही पत्ता आहे, हे त्या देशाला तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक होते. मालिकेत तो प्रश्न कोणी विचारीत नाही. विचारावयाचा तो देवाला, आणि देवाने उत्तर दिले नाही तर रुसावयाचे तेही देवावर. अर्थात मुलगी गमावलेल्या घरी त्याच रात्री जाऊन वाहनसुरक्षेची आकडेवारी सांगणारा माणूस निर्दय ठरेल. धर्माचे सामर्थ्य नेमके ह्यात आहे की, तो त्याच रात्री तेथे हजर असतो. धर्म म्हणजे अफू, हे मार्क्सचे १८४४ सालचे विधान सर्वांना पाठ असते. त्याच परिच्छेदात, अगदी लगतच्या ओळींत, धर्म हा पीडिताचा उसासा आहे आणि दुःखाविरुद्धचा निषेधही आहे असे त्याने म्हटले होते, ते वाचण्याचे कष्ट फार थोडे घेतात.

शेल्डन आईजवळ जाऊन बसतो. तिच्या दुःखावर त्याच्याजवळ एकच औषध आहे, ते म्हणजे भौतिकशास्त्र. गुरुत्वाकर्षण आहे त्याहून किंचित प्रबळ असते तर सारे विश्व आकसून त्याचा गोळा झाला असता, तो सांगतो; किंचित दुबळे असते तर सारे विखुरले असते, ना तारे झाले असते ना ग्रह. विद्युतचुंबकीय बल आणि प्रबल बल ह्यांचे प्रमाण आहे तसे नसते तर जीवन संभवले नसते. हे सगळे आपोआप जुळून येण्याचा संभव तो किती? आई चकित होते: तू तर देव मानीत नाहीस! मानीत नाही, मुलगा म्हणतो, पण विश्वाची ही अचूकता पाहता कोणी निर्माता असावा असे मानणे तर्काला धरून होईल.

ह्या युक्तिवादाचा इतिहास लहान नाही. ताऱ्यांच्या पोटात कार्बन तयार व्हावयाचा तर त्याच्या अणुकेंद्रकाला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असे भाकीत फ्रेड हॉइल ह्यांनी १९५३ साली केले आणि प्रयोगात ते खरे ठरले. कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीनिमित्त १९७३ साली पोलंडमध्ये झालेल्या परिषदेत ब्रँडन कार्टर ह्यांनी त्यावर तात्त्विक मांडणी केली: विश्वाचे निरीक्षण करणारा जेथे निर्माण होऊ शकतो तसेच विश्व निरीक्षकाला दिसणार, त्यात नवल ते काय? कार्टरच्या मुद्द्याने निर्मात्याची गरज सिद्ध होत नाही, उलट त्या नवलाची धार बोथट होते. आणि मूळ आक्षेप तर त्याहून कितीतरी जुना आहे. डेव्हिड ह्यूमच्या मृत्यूनंतर १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक संवादांत तो आहे. घरावरून गवंड्याचे अनुमान करता येते, कारण घरे बांधली जाताना अनेकदा पाहिलेली असतात. विश्व निर्माण होताना कोणी पाहिले आहे? विश्व एकच आहे. ज्या गोष्टीचा एकच नमुना हाती आहे तिची संभाव्यता काढावयाची कशी?

आता पास्कलच्या वेळचा शेल्डन आठवावा. दोन शक्यता म्हणजे निम्मी-निम्मी संभाव्यता नव्हे, असे सांगून ज्याने पाद्र्याला गप्प केले, तोच मुलगा आईसमोर त्याच जातीची चूक करतो. ज्याच्या संभाव्यतेचा हिशेब मांडता येत नाही त्याचा संभव किती, असे विचारून निष्कर्ष सुचवितो. त्याला हे कळत नसेल असे मालिका पाहणारा कोणीही म्हणणार नाही. प्रेमापोटी तो आपल्या बुद्धीचे इमान ढिले करतो. मालिका ह्याकडे कौतुकाने पाहते. कौतुक करण्याजोगे त्यात थोडे आहे, आणि थोडे खटकण्याजोगेही आहे. बुडणाऱ्याला काठी द्यावी हे बरोबर. परंतु ही काठी कुजकी आहे हे देणाऱ्याला ठाऊक होते.

सुदैवाने मेरी ती घेत नाही. ह्या भागातले सर्वांत शहाणे उद्गार तिचे आहेत. आधी डोक्याकडे आणि मग हृदयाकडे बोट दाखवून ती त्याला सांगते की, तर्क येथे असतो आणि माझे दुखणे आहे ते येथे. एका साध्या गृहिणीने केलेली ही वर्गवारी कित्येक धर्मपंडितांना साधलेली नाही. कोमल वयाची मुलगी मेली म्हणून ढळलेली श्रद्धा गुरुत्वस्थिरांकाने सावरत नाही, कारण ती त्या पायावर उभीच नव्हती. ह्याचा दुसरा अर्थ असा की, ती श्रद्धा नुसत्या युक्तिवादाने मोडावयास निघणाराही व्यर्थच शिणतो.

मग मुलगा अखेरचे सांगतो. पृथ्वीवर पाच अब्ज माणसे आहेत आणि त्यांत मला अगदी जुळेल अशी आई तू आहेस. हा योग येण्याचा संभव किती? हिशेब म्हणून पाहिले तर हे आधीच्यापेक्षाही फुटके. आई म्हणजे काही पाच अब्जांतून निघालेली सोडत नव्हे. ज्या आईने घडविले तिलाच मूल जुळते. परंतु मेरी मुलाला कवटाळते आणि तिचे संकट टळते. कधी कोणाला सहजी मिठी न मारणाऱ्या ह्या मुलाला आपल्या अडाणी पद्धतीने एवढेच म्हणावयाचे होते की, तू मला हवी आहेस. संभव वगैरे शब्द त्याला येत होते म्हणून त्याने ते वापरले.

अशी कथा अमेरिकन दूरचित्रवाणीवर पहिल्यांदाच आलेली नव्हती. ह्याच सीबीएस वाहिनीवर नॉर्मन लिअर ह्यांची 'ऑल इन द फॅमिली' ही मालिका १९७१ ते १९७९ चालली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला आर्ची बंकर हा वर्णद्वेष्टा, प्रतिगामी कामगार; त्याची भोळी, भाविक बायको एडिथ; आणि त्यांच्या घरात राहणारा जावई माइक, समाजशास्त्राचा विद्यार्थी, डाव्या विचारांचा, निरीश्वरवादी. डिसेंबर १९७७ मध्ये, ऐन नाताळच्या दिवसांत, एडिथच्या श्रद्धेवरील संकटाचा दोन भागांचा प्रसंग दाखविला गेला. बेव्हर्ली नावाचा, स्त्रीवेषात रंगमंचावर काम करणारा कलावंत हा एडिथचा स्नेही. त्याच्यावर आणि माइकवर रस्त्यात गुंड हल्ला करतात. माइक वाचतो, बेव्हर्ली मारला जातो. तो वेगळा होता म्हणून मारला गेला, हे एडिथला उमगते, आणि नाताळच्या दिवशी ती देवाकडे पाठ फिरवते. तिला परत आणतो तो नास्तिक माइकच. विश्वरचनेचे दाखले तो देत नाही. सगळे एकदमच समजावे असे कदाचित नसेल, पण ह्या घराला तू हवी आहेस, एवढेच सांगतो.

दोन प्रसंगांत एकेचाळीस वर्षांचे अंतर आहे आणि सांगाडा तोच आहे: भाविक स्त्रीचा विश्वास ढळतो आणि नास्तिक पुरुष तो तिला परत मिळवून देतो. फरक आहे तो मृत्यूत. बेव्हर्लीला समाजाने मारले. त्या मृत्यूवर प्रेक्षकाला देवाखेरीज स्वतःलाही जाब विचारावा लागे. मेडफोर्डच्या मुलीचा मृत्यू कोणावरच काही आरोप करीत नाही. लिअर हा लढाऊ माणूस होता. धर्माच्या नावाने राजकारण करणाऱ्यांशी सामना देण्यासाठी त्याने पुढे संघटनाही उभारली. त्याच्या मालिकेत घरातले भांडण रस्त्यावरून आत येई. नंतरच्या मालिकेत दार लावून घेतलेले आहे.

आणि दोन्हीकडे एक बंधन समान आहे. जाहिराती वगळता वीस-पंचवीस मिनिटांची ही विनोदी मालिका. पुढच्या आठवड्यात घर पूर्ववत् दिसले पाहिजे, ही त्या धंद्याची अट. त्यातून मेरी पुढे म्हातारपणीही कट्टर भाविकच आहे हे जुन्या मालिकेने आधीच दाखवून ठेवलेले. तेव्हा तिचा अविश्वास हा पाहुणा, शेवटच्या जाहिरातीआधी त्याला निरोप द्यावयाचाच. सोळा वर्षांच्या त्या मुलीच्या आईचे काय झाले, तिच्या घरी पुढल्या रविवारी प्रार्थना झाली की नाही, हे कोणी दाखवीत नाही. ती स्त्री मालिकेच्या कुटुंबातली नव्हती.

सातव्या पर्वाच्या अखेरीस, मे २०२४ मध्ये, मात्र मृत्यू ह्याच घरात येतो. जॉर्ज हृदयविकाराने जातो. ह्या वेळी मेरी देवापासून दूर जात नाही. त्याला घट्ट धरते, इतके घट्ट की मुलांनी बाप्तिस्मा घेतलाच पाहिजे असा तिचा हट्ट सुरू होतो. शेल्डन चौदा वर्षांचा आहे, संशोधनासाठी कॅलिफोर्नियाला निघालेला आहे, आणि देव मानीत नाही. तो आईसाठी बाप्तिस्मा घेतो.

हे ऐकून येथे बसलेल्यांपैकी अनेकांना काही आठवले असेल. वडिलांच्या दहाव्याला आईकडे पाहून मुकाट्याने पाटावर बसलेले, मुलीच्या लग्नात मनाविरुद्ध अक्षता उचललेले कार्यकर्ते कमी नाहीत. आणि त्याबद्दल पुढे वर्षानुवर्षे सहकाऱ्यांचे टोमणे सोसलेलेही कमी नाहीत. त्या टोमण्यांत न्याय थोडा असतो. शेल्डन आपण श्रद्धावान झालो असे म्हणत नाही, आईही त्याला पुरती ओळखते. म्हणजे त्या पाण्यात कोणी कोणाला फसवीत नाही. विश्वाच्या अचूकतेचा तो जुना दाखला ह्यापेक्षा अधिक फसवा होता. खटकते ते दुसरेच. सात वर्षांत प्रत्येक वेळी झुकला तो न मानणारा. मुलाने आईसाठी पाण्यात उतरावे. आईने मुलासाठी एकदा तरी प्रार्थनेवाचून जेवावे, असे कोणी तिला सुचविलेही नाही. प्रेमाचा कर एकाच बाजूने भरावयाचा, हा मालिकेचा अलिखित कायदा आहे, आणि घरोघरचाही तोच आहे.

तो मोडल्याचे एक उदाहरण वर्ध्याजवळचे आहे. आंध्रातील गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, हे कडवे निरीश्वरवादी. अस्पृश्यतानिवारणाचे काम करीत ते १९४४ साली सेवाग्रामला गांधीजींना भेटले, आणि दोघांचा वाद व स्नेह दोन्ही जडले. गोरा ह्यांच्या मुलीचा विवाह दलित तरुणाशी ठरला. तो सेवाग्रामच्या आश्रमात व्हावा असे गांधीजींनी म्हटले. मग प्रश्न आला तो विधीचा, कारण आश्रमातला विधी ईश्वराच्या नावाने होई आणि गोरा ते नाव घेणारे नव्हते. रोज सायंप्रार्थना करणाऱ्या, ओठी रामनाम असणाऱ्या वृद्धाने त्या विधीत ईश्वराच्या जागी सत्य हा शब्द घालण्यास संमती दिली. विवाहापूर्वीच, ३० जानेवारी १९४८ रोजी, त्यांचा खून झाला. मार्च महिन्यात तो विवाह सेवाग्रामला पार पडला, ठरल्याप्रमाणे, सत्याच्या नावाने.